ओतीव पितळ आणि त्यातील शिसे

स्मरणिकेसाठी लेख लिहायचा म्हटले की बहुतेक जण कथा, कविता किंवा थोरांचे चरित्र निवडतात. आम्ही यंदा पितळ हा विषय घेतला आहे. आम्ही शिक्षणाने कला शाखेचे पदवीधर आणि पेशाने बँकेतील कारकून. धातुशास्त्र आमचा विषय नव्हे. परंतु कर्जप्रकरणांना जोडलेली दरपत्रके रोज डोळ्यांखालून जातात. त्यांत पंपाचे बुश, व्हॉल्व्ह, नळाच्या तोट्या यांच्यापुढे 'लेडेड ब्रास' हे शब्द वारंवार दिसतात. लेड म्हणजे शिसे. शिसे विषारी असते हे शाळेतल्या मुलालाही माहीत आहे. मग ज्या तोटीतून आपण पाणी पितो, त्या तोटीच्या पितळेत ते मुद्दाम का घालतात? या एका प्रश्नाचा माग काढताना जे वाचले आणि जाणकारांकडून समजून घेतले, ते सभासद बंधुभगिनी व विद्यार्थी मित्रांपुढे ठेवत आहोत.

आपल्या कवठे महांकाळ तालुक्यात पितळ नाही असे घर सापडणार नाही. घरात हंडा, कळशी, समई, खलबत्ता. द्राक्षबागेत फवारणीच्या पंपाचे नोझल. विहिरीवर मोटारीचे सुटे भाग. आणि आता घरोघरी नळ. या सगळ्याला आपण एकाच नावाने पितळ म्हणतो. खरी अडचण येथूनच सुरू होते.

पितळ एक नव्हे, अनेक

सोनेतारण कर्ज देताना बँक दागिना नुसता तोलून घेत नाही. मूल्यांकन करणारा सराफ तो कसोटीच्या दगडावर घासून किती कॅरेटचा आहे ते सांगतो. २२ कॅरेट म्हणजे २४ भागांत २२ भाग सोने, म्हणून त्यावर ९१६ हा आकडा असतो. पितळेलाही असाच आकडा असतो, पण तो विचारायची सवय आपल्याला नाही.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. जस्त १५ टक्क्यांच्या आसपास असेल तर रंग तांबूस राहतो, ३० टक्क्यांपर्यंत गेले की आपल्या ओळखीचा पिवळा रंग येतो. ७० भाग तांबे व ३० भाग जस्त हे पितळ फार लवचीक असते. त्याचा पत्रा ठोकून, दाबून हवा तसा आकार देता येतो. बंदुकीच्या काडतुसाच्या नळ्या याच प्रमाणाच्या पितळेच्या करतात. जस्त ४० टक्क्यांच्या जवळ नेले तर धातू कठीण होतो. तो गार असताना ठोकला तर चिरतो, गरम असताना मात्र चांगला वळतो.

तांबे आणि कथील मिळून होते ते कांसे. पितळ आणि कांसे दिसायला जवळचे असले तरी त्यांचे कूळ वेगळे आहे, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

शंभर किलोंचा हिशोब

साच्यात ओतून वस्तू करण्याच्या पितळेचा एक नेहमीचा नमुना घेऊ. १०० किलो धातू करायचा असेल तर त्यात साधारण ६७ किलो तांबे, २९ किलो जस्त, ३ किलो शिसे आणि १ किलो कथील असते. कथील थोडेच, पण त्याने पाण्यात धातू कमी झिजतो. लोखंड, निकेल वगैरे किरकोळ भेसळ ठरावीक मर्यादेपर्यंत चालते.

दुसरा प्रसिद्ध नमुना ८५-५-५-५ या नावाने ओळखला जातो. त्यात तांबे ८५ आणि कथील, शिसे, जस्त प्रत्येकी ५. रंगाने तांबूस असलेला हा धातू व्हॉल्व्ह, पंपाचे भाग आणि पाण्याच्या जोडण्यांसाठी वापरतात.

आपल्याकडे भारतीय मानक संस्थेने या प्रत्येकाला क्रमांक दिला आहे. शिसेयुक्त ओतीव पितळेसाठी मानक २९२, शिसे व कथील असलेल्या काशाच्या ओतकामासाठी ३१८, लेथवर कातायच्या पितळी सळ्यांसाठी ३१९ आणि ओतीव तोट्यांसाठी ७८१. सळ्यांच्या मानकातील पहिल्या प्रकारात तांबे ५६ ते ५९ टक्के आणि शिसे २ ते ३.५ टक्के असावे लागते. म्हणजे या पितळांतील शिसे ही लबाडी नसून ते ठरवून, मोजून घातलेले असते.

शिसे कशासाठी?

मीठ पाण्यात विरघळते, तेल विरघळत नाही. जस्त तांब्यात मिठासारखे मिसळून जाते. शिसे मात्र तेलासारखे वागते. धातू वितळलेला असताना ते त्यात असते, पण तो थिजू लागला की शिसे बाजूला पडते आणि पितळेच्या कणांमध्ये बारीक बारीक थेंबांच्या रूपाने अडकून राहते. तांबे १,०८५ अंश सेल्सिअसला वितळते आणि शिसे ३२७ अंशाला. त्यामुळे सगळे पितळ घट्ट झाल्यावर शेवटी थिजणारे शिसेच असते. ही विद्राव्यता नसणे हाच त्याचा गुण ठरतो. त्याचे तीन फायदे आहेत.

पहिला फायदा लेथवर दिसतो. शिसे नसलेले पितळ कातताना लांब, चिवट वेटोळी निघतात आणि हत्याराला गुंडाळतात. शिसे असलेल्या पितळेचा कीस भुग्यासारखा तुटून पडतो, कारण शिशाचा प्रत्येक थेंब म्हणजे तुटायची तयार जागा. शिवाय मऊ शिसे हत्याराच्या धारेला वंगण पुरवते. हत्यार टिकते, आटे स्वच्छ पडतात आणि एका पाळीत नग जास्त निघतात.

दुसरा फायदा गळतीचा. ओतीव धातू थिजताना आकसतो आणि आत डोळ्यांना न दिसणारी छिद्रे राहतात. शेवटी थिजणारे शिसे त्या छिद्रांत जाऊन बसते. दाबाचे पाणी धरणाऱ्या व्हॉल्व्हला हे फार उपयोगी पडते.

तिसरा फायदा घर्षणाचा. फिरणाऱ्या दांड्याभोवती बसवलेल्या बुशात शिसे असले की तेल क्षणभर कमी पडले तरी दांडा लगेच चिकटत नाही.

पण हेच शिसे इतरत्र अपाय करते. पत्रा लाटताना किंवा गरम धातू ठोकताना हे थेंब दगा देतात आणि पत्रा चिरतो. म्हणून भांड्याच्या पत्र्याचे पितळ शक्यतो शिशाविना ठेवावे लागते. घंटेच्या धातूतही शिसे टाळतात, कारण ते नाद मारून टाकते. घंटा साधारण चार भाग तांबे व एक भाग कथील अशा काशाची ओततात. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर १७०७ सालची पोर्तुगीज घंटा आहे. वसईच्या मोहिमेनंतर ती तेथे आली. सहल काढणाऱ्या शिक्षकांनी ती मुलांना दाखवावी आणि नळाच्या तोटीवर टिचकी मारून दोन्ही आवाजांतील फरक समजावून सांगावा.

अंगचे गुण

वर सांगितलेल्या ६७-२९-३-१ या पितळेचे गुण साधारण असे असतात.

घनता : दर घन सेंटिमीटरला सुमारे ८.४ ग्रॅम
वितळण्याचा टप्पा : सुमारे ९२७ ते ९४१ अंश सेल्सिअस
ताणबळ : दर चौरस मिलिमीटरला सुमारे २३५ न्यूटन
कायमचे वाकू लागण्याचा ताण : सुमारे ८५ न्यूटन
तुटण्यापूर्वीची लांबण : सुमारे ३५ टक्के
ब्रिनेल कठीणपणा : सुमारे ५०
वीजवहन : शुद्ध तांब्याच्या सुमारे एक पंचमांश
कातण्याची सुलभता : १०० पैकी ८०

शेवटच्या ओळीत १०० गुण हे लेथसाठी खास बनवलेल्या शिसेयुक्त सळईला दिलेले असतात. बाकीचे धातू तिच्याशी ताडून पाहतात.

या आकड्यांचा अर्थ साध्या शब्दांत असा. बांधकामाच्या साध्या पोलादाचे ताणबळ ४०० च्या पुढे असते, त्यामानाने हे पितळ दुबळे आहे. त्यावर पूल बांधता येणार नाही. पण ते एकदम तुटत नाही, आधी ताणले जाते. ते लोखंडासारखे गंजत नाही, साच्याचे बारीकसारीक आकार नीट उचलते आणि हत्याराला त्रास देत नाही. तोटी, नोझल, कुलपाचे भाग यांना एवढेच लागते. अंगबळ कमी, पण कामाला सोयीचे, असा हा धातू आहे.

विद्यार्थ्यांना घरी करता येईल असा एक प्रयोग सांगतो. वजनदार म्हणून विकलेली चकचकीत तोटी खरेच पितळेची आहे का, हे पाहता येते. तिचे रबर, प्लॅस्टिकचे भाग काढून धातूचा भाग तोला. मग खुणा असलेल्या मापात पाण्यात बुडवा. ४२० ग्रॅमचे पितळ सुमारे ५० मिलिलिटर पाणी सारते. तेवढ्याच वजनाचा जस्ताचा स्वस्त मिश्रधातू सुमारे ६३ मिलिलिटर सारतो. वरून क्रोमचा मुलामा दोघांवरही सारखाच दिसतो, पण पाणी खोटे बोलत नाही. मात्र पितळेत शिसे आहे की नाही हे या प्रयोगाने कळत नाही. तीन टक्के शिशाने घनता जाणवण्याइतकी बदलत नाही.

जुन्या ग्रंथांतील धातू

आपल्या पूर्वजांना हे धातू वेगवेगळे ओळखता येत होते, याचा एक पुरावा विनयपिटकात आहे. चुल्लवग्गात भिक्खूंच्या भिक्षापात्राविषयी नियम आहेत. सोने, रुपे, मणी, काच यांबरोबरच कंस म्हणजे कांसे, तिपु म्हणजे कथील, सीस म्हणजे शिसे आणि तम्बलोह म्हणजे तांबे यांची पात्रे तेथे वर्ज्य सांगितली आहेत. लोखंड आणि माती या दोनच प्रकारच्या पात्रांना परवानगी आहे. या नियमामागे साधेपणाचा विचार आहे, विषबाधेचा नव्हे. तेव्हा 'पाहा, आमच्या ग्रंथात विज्ञान होते' असा अर्थ कोणी काढू नये. पण ज्या समाजात कांसे, कथील, शिसे आणि तांबे यांना चार स्वतंत्र नावे होती, त्या समाजातील कारागिरांचे ज्ञान किती नेमके होते, हे यावरून दिसते.

जस्ताची गोष्ट आणखी मनोरंजक आहे. जस्त ९०७ अंशाला उकळते. त्याच्या खनिजापासून धातू सुटतो तो त्याहून अधिक उष्णतेला, म्हणजे तो वाफ होऊनच बाहेर येतो आणि हवा लागताच जळून जातो. म्हणून जगात अनेक शतके जस्त हाती न लागताच पितळ बनत होते. तांब्याचे तुकडे, जस्ताचे खनिज आणि कोळसा मुशीत बंद करून तापवत, आणि वाफ तांब्यात मुरत असे. राजस्थानात उदयपूरजवळ जावर येथे मात्र मध्ययुगात जस्ताची वाफ थंड करून धातू मिळवण्याच्या भट्ट्या मोठ्या प्रमाणावर चालत होत्या. त्यांचे अवशेष आजही आहेत.

मध्ययुगीन 'रसरत्नसमुच्चय' ग्रंथात पितळेचे रीतिका आणि काकतुंडी असे दोन प्रकार सांगितले आहेत. तापवून कांजीत बुडवल्यावर तांबूस होते ती रीतिका, काळी पडते ती काकतुंडी. पितळ म्हटले की 'कोणते?' असे विचारायची रीत तेव्हाही होती.

ओतकामाची परंपरा आपल्या जिल्ह्यालाही नवी नाही. १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर औंध संस्थानच्या आश्रयाने किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तेथील लोखंडी नांगर व पुढे पंप देशभर गेले. जुनी ब्राँझची कारागिरी पाहायची असेल तर कोल्हापूरच्या टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात जावे. ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली रोमन समुद्रदेवतेची छोटी मूर्ती तेथे आहे. इतका जुना धातू कसा टिकला, हे पाहून नवल वाटते.

पाण्याशी गाठ

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्याचा हक्क बजावण्यासाठी आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला बाबासाहेबांच्या मागे चालावे लागले. आज परिस्थिती पालटली आहे. २०१९ पासून जलजीवन मिशनमधून खेडोपाडी घरात नळ येऊ लागले. म्हैसाळ योजनेने कृष्णेचे पाणी आपल्या दुष्काळी तालुक्याच्या शिवारात आणले. पाणी दारात आले, तेव्हा ते कशातून येते हे पाहणे आता आपले काम आहे.

पाणी पितळेला तीन प्रकारे छळते. पहिला प्रकार जस्त निघून जाण्याचा. बोअरच्या मचूळ, क्षारयुक्त पाण्यात जास्त जस्ताच्या पितळेतून जस्त हळूहळू विरघळते आणि मागे तांब्याचा सच्छिद्र सांगाडा उरतो. तोटीवर लाल डाग किंवा पांढरी पावडर दिसली तर हे चालू आहे असे समजावे. अशी तोटी एक दिवस हातात तुटते.

दुसरा प्रकार अमोनियाचा. ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानातील लष्कराची पितळी काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत. ती घोड्यांच्या तबेल्याशेजारी साठवलेली असत. मुत्रातून निघणारा अमोनिया आणि काडतूस दाबून बनवताना धातूत राहिलेला ताण यांमुळे हे होते, हा उलगडा १९२१ च्या सुमारास झाला. म्हणून पत्र्याची पितळी भांडी गोठ्याच्या भिंतीला टांगू नयेत आणि फवारणीचे साहित्य रासायनिक खतांच्या पोत्यांशेजारी ठेवू नये. ओतीव वस्तूत असा ताण कमी असतो, त्यामुळे तिला हा धोका कमी.

तिसरा प्रकार शिशाचा, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. तोटी कातताना शिशाचा पातळ लेप आतल्या भागावर पसरतो. पाणी रात्रभर तोटीत साचून राहिले की त्यातील थोडा अंश पाण्यात उतरतो. तोटी नवी असताना तो अधिक उतरतो. पाणी मृदू किंवा आम्लधर्मी असेल तर अधिक आणि गरम असेल तर आणखी अधिक. जड पाण्याचे कीट आत बसले की हे काहीसे कमी होते.

शिशाला शरीर कॅल्शियमसारखे वागवते. ते हाडांत साठते. मोठ्या माणसापेक्षा लहान मूल ते जास्त शोषून घेते आणि त्याचा घाव वाढत्या मेंदूवर बसतो. मूल आजारी दिसत नाही, पण त्याचे लक्ष आणि समज कमी पडू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची निर्धोक अशी पातळी माहीत नाही. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात शिसे लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये.

अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने नळाच्या साहित्यात ८ टक्क्यांपर्यंत शिसे असले तरी त्याला 'शिसेमुक्त' म्हणता येत होते. २०१४ पासून पाण्याला लागणाऱ्या भागांसाठी ही मर्यादा सरासरी ०.२५ टक्क्यावर आणली. शब्द तोच राहिला, अर्थ बदलला. त्याच वर्षी तेथील फ्लिंट शहरात पाण्याचा स्रोत बदलला. गंजकारक पाण्याने जुन्या नळांतील शिसे घराघरात पोहोचवले आणि ते प्रकरण जगभर गाजले. आता शिशाऐवजी बिस्मथ किंवा सिलिकॉन घालून केलेली पितळे निघाली आहेत. ती महाग पडतात आणि कातायला थोडी अवघड जातात. कामगाराची सोय आणि पिणाऱ्याचे आरोग्य यांचा मेळ घालायचा तर हा खर्च कोणीतरी सोसला पाहिजे.

भट्टीपुढचा माणूस

आपल्या भागातील कितीतरी मुले आयटीआय करून कुपवाड, मिरज, शिरोली, गोकुळ शिरगाव येथील कारखान्यांत जातात. तेथे बिडाचे ओतकाम मोठे आहे, त्याबरोबर पितळ-ब्राँझची लहान कामेही चालतात. या मुलांसाठी हा भाग मुद्दाम लिहितो.

पितळ ओतताना मूस हजार अंशांच्या पुढे तापते. त्या उष्णतेला जस्त उकळत असते. ते हिरवट-पांढऱ्या ज्योतीने जळते आणि कापसासारखा पांढरा धूर निघतो. तो श्वासावाटे छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, तोंडाला गोडसर चव येते आणि दुसऱ्या दिवशी सारे उतरते. ओतारी मंडळी याला सरावलेली असतात. गूळ खाल्ला, दूध प्यायले की बाधत नाही, असा समज आहे. तो खरा नाही. धूर ओढून नेणारा पंखा आणि योग्य मुखवटा हाच उपाय.

शिशाचे तसे नाही. त्याचा ताप येत नाही, म्हणून त्याची भीती वाटत नाही. ते साठत जाते. पोटात मुरडा, रक्तक्षय, बद्धकोष्ठ, सांधेदुखी आणि पुढे मनगट लुळे पडणे ही त्याची लक्षणे आहेत. हातावरची धूळ भाकरीबरोबर आणि तंबाखूबरोबर पोटात जाते. कामाचे कपडे घरी आले की ती मुलांपर्यंतही पोहोचते. १९४८ च्या कारखाने कायद्यात कळवणे बंधनकारक असलेल्या व्यवसायजन्य रोगांची यादी होती. तिच्यात पहिलेच नाव शिशाच्या विषबाधेचे होते. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि १९४६ मध्ये कारखान्यातील कामाचा आठवडा ४८ तासांवर आला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या अभिमानाला शोभेल असे वागायचे तर आपल्या मुलाने मुखवटा मागायला आणि रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यायला लाजू नये.

घरातील भांडी

आता स्वयंपाकघराकडे वळू. पत्र्यापासून ठोकून किंवा दाबून केलेला हंडा, कळशी, परात यांत शिसे कमी असण्याचा संभव जास्त, कारण शिसे जास्त असते तर पत्राच चिरला असता. ओतीव वस्तूंना ही आपोआपची चाळणी लागू होत नाही. खलबत्ता, जाड ओतीव पातेली, झारे हे बहुधा मोडीच्या धातूपासून ओततात. बाजारात आपण भांडी मोडीत घालतो, त्याच ढिगात जुने नळ, व्हॉल्व्ह आणि यंत्रांचे भागही पडतात. ते सर्व एका मुशीत गेले की शिसे कोठून आले हे सांगता येत नाही. समई, निरांजन, मूर्ती, कुलूप यांना त्याने काही बिघडत नाही. चिंच, ताक, टोमॅटो, लोणचे यांसाठी मात्र अशी वस्तू नको. आंबट पदार्थ तांबे आणि शिसे दोन्ही ओढून घेतो.

कल्हई याचसाठी असते. कल्हईवाला भांडे तापवून नवसागर टाकतो आणि कापसाच्या बोळ्याने कथील पसरवतो. कथील शुद्ध असेल तर अन्न पितळेला लागत नाही. पण कथील महाग आणि शिसे स्वस्त, त्यामुळे भेसळीचा मोह होतो. ओळखायची जुनी खूण अशी : शुद्ध कथिलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली की करकर आवाज येतो. शिसे मुकाट्याने वाकते आणि कागदावर ओढले तर करडी रेघ उमटते.

काय करावे?

१. पिण्याच्या पाण्याची तोटी मानक चिन्ह पाहून व पावती घेऊन घ्यावी. कमी शिशाची किंवा शिसेमुक्त तोटी मिळत असेल तर किती टक्के, हे विचारावे. नुसत्या शब्दावर जाऊ नये.

२. सकाळी नळाचे पहिले पाणी पिऊ नये. दुष्काळी भागात ते सोडून द्या असे आम्ही म्हणणार नाही. बादलीत धरून सडा, भांडी, झाडे यांना वापरावे. तोटी नवी असेल तर पहिले काही आठवडे हे कटाक्षाने पाळावे.

३. गीझर किंवा सौर बंबाचे गरम पाणी पिण्यास व स्वयंपाकास घेऊ नये. गार पाणी घेऊन तापवावे. पाणी उकळल्याने शिसे जात नाही.

४. ओतीव पितळी भांड्यात आंबट पदार्थ शिजवू वा साठवू नयेत. पितळी भांड्याला वेळच्या वेळी कल्हई करावी.

५. पितळ, शिसे, बॅटरी यांचे काम करणाऱ्यांनी हात-तोंड धुऊन मगच जेवावे, कामाचे कपडे वेगळे धुवावेत. मुलांच्या आहारात लोह आणि कॅल्शियम भरपूर असावे. त्याने शिसे कमी शोषले जाते.

६. शंका असल्यास धातू तपासून घ्यावा. सोने तपासायला सराफ क्ष-किरणांचे जे यंत्र वापरतात, त्याच जातीच्या यंत्राने पितळेतील शिशाचे प्रमाण काही क्षणांत कळते. पाण्याची तपासणी प्रयोगशाळेत होते.

हे वाचून घरातील सगळे पितळ मोडीत घालावे, असे मुळीच नाही. शिसेयुक्त पितळेने जगाचे पुष्कळ काम केले आहे आणि व्हॉल्व्हच्या बुशात, कुलपात, समईत ते आजही योग्य जागी आहे. आपल्या देशात २००० साली पेट्रोलमधील शिसे बंद झाले, तेव्हा गाड्या थांबल्या नाहीत. पाण्याच्या तोटीतीलही कमी होईल. पण गिऱ्हाईक विचारू लागल्याशिवाय दुकानदार सांगत नाही आणि दुकानदाराने मागितल्याशिवाय कारखानदार बनवत नाही. तेव्हा पुढच्या वेळी तोटी घेताना भाव विचाराल, त्याच दमात 'हे कोणते पितळ?' हेही विचारा. घरातील लहान मुलाचा पेला त्या तोटीखाली भरायचा आहे.